कोणत्या दिवशी कोणता स्नायू: ताकदीच्या व्यायामाचे आठवड्याचे वेळापत्रक कसे आखावे

सोमवारी छाती, मंगळवारी खांदे, बुधवारी दंड, गुरुवारी पाठ आणि उरलेच तर शनिवारी पाय, असे वेळापत्रक आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये तोंडपाठ असते. ते पाळणारे लोक आळशी नसतात, पण तीन-चार महिन्यांत त्यांचे बेंच प्रेसचे (बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलण्याचे) वजन एका जागी अडकते, खांद्याच्या पुढच्या बाजूला बारीक दुखणे मागे लागते आणि पायांचा दिवस दर दोन आठवड्यांतून एकदा बुडतो. चूक व्यायामांच्या निवडीत क्वचितच असते. शरीराचे भाग म्हणजे वेगवेगळे कप्पे आहेत असे धरून वार वाटले जातात, आणि एकाच व्यायामात तीन-चार स्नायू एकत्र राबतात हे हिशेबात घेतले जात नाही. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. व्यायामांची यादी आधी ठरवून मग तिच्यासाठी वार शोधणे, हा उलटा क्रमच बहुतेक गोंधळाचे मूळ असतो.

तयारी: वही, कॅलेंडर आणि खरा आकडा

एक साधी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे मागच्या चार आठवड्यांत आपण प्रत्यक्ष किती दिवस व्यायामाला गेलो. किती दिवस जायचे आहे हे येथे लिहू नये. चार आठवड्यांत बारा दिवस गेला असाल, तर तुमचे वेळापत्रक तीन दिवसांचे आहे, मग फी सहा दिवसांची भरलेली असली तरीही. सहा दिवसांचा आराखडा करून त्यातले तीन दिवस बुडवणाऱ्याचे नेमके तेच स्नायू दर आठवड्याला उपाशी राहतात, कारण बुडणारे दिवस बहुधा ठरलेलेच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जिमबाहेरचे शारीरिक काम. रविवारचा ट्रेक, शनिवारचे क्रिकेट, सकाळचे धावणे, घरी काढलेले जोर-बैठका, दिवसभर उभे राहण्याची नोकरी, हे सर्व लिहावे. सकाळी शंभर जोर काढून संध्याकाळी बेंच प्रेस करणाऱ्याने छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडाचा मागचा स्नायू एकाच दिवशी दोनदा वापरलेला असतो, पण त्याच्या जिमच्या वहीत त्यातले निम्मेच काम दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे जुनी दुखणी.

सावधान: उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्यातील गादी सरकणे, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था यांपैकी काहीही असेल, तर हा आराखडा करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वजन उचलताना दंडात किंवा पायात मुंग्या येत असतील, तर तो स्नायूंचा थकवा समजून पुढे जाऊ नये.

टप्पा १: स्नायूंची नव्हे, हालचालींची यादी करा

आठवड्याची मांडणी सहा हालचालींवर करावी: समोर ढकलणे (बेंच प्रेस), समोरून ओढणे (रो), डोक्यावर ढकलणे (ओव्हरहेड प्रेस), वरून खाली ओढणे (लॅट पुलडाउन, पुलअप), गुडघे वाकवून बसणे-उठणे (स्क्वॉट, लेग प्रेस) आणि कंबरेतून वाकून उठणे (डेडलिफ्ट व त्याचे प्रकार). दंड, पोटऱ्या, पोट आणि खांद्याची बाजू यांचे स्वतंत्र व्यायाम या सहा हालचालींनंतर येतात.

प्रत्येक हालचालीसमोर तिचा मुख्य स्नायू आणि मदतीला येणारे स्नायू लिहावेत. ढकलण्याच्या दोन्ही हालचालींत ट्रायसेप्स (दंडाचा मागचा स्नायू) आणि खांद्याचा पुढचा भाग असतो. ओढण्याच्या दोन्ही हालचालींत बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू), मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू आणि हाताची पकड असते. पाठीचा खालचा भाग, म्हणजे कंबर, तर सगळीकडेच असतो: डेडलिफ्टमध्ये, स्क्वॉटमध्ये आणि ओणवे होऊन केलेल्या रोमध्येही. कंबरेचा दिवस म्हणून कोणी वेगळा ठेवत नाही, त्यामुळे ती आठवडाभर थकत राहते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

टप्पा २: आठवड्याच्या सेटचा हिशेब

एक हालचाल पूर्ण केली की एक रेप, आणि न थांबता सलग केलेल्या रेप्सचा एक सेट. हिशेबात फक्त कष्टाचे सेट धरावेत. सेट संपताना नीट पद्धतीने आणखी एक ते तीन रेप्स निघाल्या असत्या, यापेक्षा जास्त नाही, असा सेट कष्टाचा समजावा. वॉर्म-अपचे सेट मोजू नयेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी आठवड्याला सहा ते दहा सेट पुरतात, तर वर्ष-दोन वर्षे नियमित व्यायाम केलेल्याला साधारण दहा ते वीस लागतात. वीसच्या पुढे गेल्यावर मिळणारा लाभ कमी होत जातो आणि थकवा मात्र वाढतच राहतो.

मुख्य स्नायूचा सेट पूर्ण धरावा आणि मदतीच्या स्नायूचा अर्धा. हे मोजमाप अगदी काटेकोर नाही, पण नियोजनाला पुरेसे आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या वेळापत्रकाचाच हिशेब करून पाहू. सोमवारी बेंच प्रेस ४, इन्क्लाइन प्रेस ४, डिप्स ३ आणि फ्लाय (पसरलेले हात छातीसमोर आणणे) ३ सेट. मंगळवारी ओव्हरहेड प्रेस ४, डंबेल शोल्डर प्रेस ३, फ्रंट रेज ३ आणि बाजूचे लॅटरल रेज ३. बुधवारी ट्रायसेप्सचे ९ सेट, त्यांतले ३ अरुंद पकडीच्या बेंच प्रेसचे. ट्रायसेप्सला सोमवार आणि मंगळवारच्या ढकलण्याच्या १८ सेटचे अर्धे, म्हणजे ९, आणि बुधवारचे ९ असे १८ सेट मिळतात. खांद्याच्या पुढच्या भागाला थेट १० आणि मदतीचे ७, म्हणजे १७. एकूण आकडे अवाजवी नाहीत. अडचण ही आहे की ते सगळे सलग तीन दिवसांत पडतात आणि नंतर चार दिवस त्या स्नायूंना काहीच काम नसते. बुधवारी ट्रायसेप्स ‘चांगला पेटला’ असे वाटते, ते तो आधीच दोन दिवस दमलेला असतो म्हणून.

तपासणी: आपल्या सध्याच्या आठवड्याचा असाच हिशेब मांडावा. ढकलण्याच्या सेटची बेरीज ओढण्याच्या सेटपेक्षा बरीच जास्त निघाली, किंवा पायांची बेरीज छातीच्या निम्म्याहून कमी निघाली, तर पुढचे टप्पे वाचण्याआधी ती यादी फाडून टाकायला हरकत नाही.

टप्पा ३: दिवसांच्या संख्येनुसार विभागणी

आठवड्याला दोन किंवा तीन दिवस मिळत असतील, तर प्रत्येक दिवशी संपूर्ण शरीर घ्यावे. ‘हे नवशिक्यांचे असते’ असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. तीन दिवसांत छाती-पाठ-पाय अशी विभागणी केली, तर प्रत्येक स्नायू आठवड्यातून एकदाच येतो आणि एक दिवस बुडाला की तो स्नायू थेट दोन आठवड्यांनी भेटतो.

चार दिवस असतील, तर वरचे शरीर आणि खालचे शरीर अशी दोन-दोन दिवसांची विभागणी करावी. नोकरी करणाऱ्या बहुतेकांना हीच जमते, म्हणून पुढचा नमुना याच विभागणीचा दिला आहे.

पाच-सहा दिवस खरोखरच मिळत असतील, तर ढकलणे, ओढणे आणि पाय हे चक्र सलग फिरवत राहावे; सहा दिवसांत ते दोनदा पूर्ण होते. ढकलण्याच्या दिवशी छाती, खांदे आणि ट्रायसेप्स एकत्र येतात, त्यामुळे एकमेकांत गुंतलेले स्नायू एकाच दिवशी थकतात आणि एकत्रच विश्रांती घेतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आठवड्याचे एकूण सेट सारखेच असतील, तर ते एका दिवसात केले की दोन दिवसांत, याने स्नायूंच्या वाढीत फार मोठा फरक पडत नाही. तरीही दोनदा विभागणे श्रेयस्कर, कारण एकाच दिवशी छातीचे चौदा सेट करणाऱ्याचे शेवटचे पाच-सहा सेट बहुधा नावापुरतेच असतात.

टप्पा ४: वारांवर मांडणी

नियम असा की एखादा स्नायू जोरात वापरल्यानंतर त्याला पुन्हा तेवढेच काम देण्याआधी साधारण ४८ तास जाऊ द्यावेत. हा नियम मदतीच्या स्नायूंनाही लागू आहे, आणि नेमका तेथेच तो मोडला जातो. चार दिवसांचा एक नमुना पाहू.

सोमवार, वरचे शरीर: बेंच प्रेस ४, बसून केबल रो ४, डंबेल शोल्डर प्रेस ३, लॅट पुलडाउन ३, बायसेप्स कर्ल २, ट्रायसेप्स पुशडाउन २.

मंगळवार, खालचे शरीर: रोमानियन डेडलिफ्ट ४, लेग प्रेस ३, लेग कर्ल ३, पोटऱ्या ४, प्लँक ३.

गुरुवार, वरचे शरीर: ओव्हरहेड प्रेस ४, पुलअप किंवा पुलडाउन ४, इन्क्लाइन डंबेल प्रेस ३, बाकाला छाती टेकवून डंबेल रो ३, लॅटरल रेज ३, बायसेप्स कर्ल २.

शुक्रवार, खालचे शरीर: स्क्वॉट ४, हिप थ्रस्ट ३, लंजेस ३, लेग कर्ल ३, पोटऱ्या ४.

हिशेब केल्यास पाठीला १४ सेट, मांडीच्या पुढच्या स्नायूंना १०, मागच्या स्नायूंना १०, बायसेप्सला ११, ट्रायसेप्सला ९ आणि छातीला ७ मिळतात. छातीचा आकडा पाहून अनेकांना अस्वस्थ वाटेल. ज्यांना छातीला प्राधान्य द्यायचे आहे, त्यांनी गुरुवारी फ्लायचे तीन सेट वाढवावेत; मात्र त्यासाठी पाठीचे कमी करू नयेत. दिवसभर संगणकासमोर खांदे पुढे पाडून बसणाऱ्या माणसाला ओढण्याचे सेट थोडे जास्त असलेलेच बरे, असे माझे मत आहे.

रो बसून किंवा छाती टेकवून घेतला आहे, ओणवे होऊन नाही, याचे कारण वारांच्या क्रमात आहे. सोमवारी ओणव्याने जड बारबेल रो केला, तर मंगळवारच्या रोमानियन डेडलिफ्टला कंबर आधीच दमलेली मिळते; गुरुवारी केला, तर शुक्रवारच्या स्क्वॉटला. हे वेळापत्रकातले सर्वांत जास्त दुर्लक्षित ठिकाण आहे. ज्यांना ओणवा रोच करायचा आहे, त्यांनी तो पायांच्या दिवशी शेवटी घ्यावा, म्हणजे कंबरेचे काम एकाच दिवसात राहील.

ट्रेक करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. गड चढताना दम लागतो, पण पाय भरून येतात ते उतरताना, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात. असे आंबलेपण बहुधा दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत सर्वाधिक असते. म्हणून रविवारी ट्रेक असेल, तर शुक्रवारचे पाय त्या आठवड्यात सोडून द्यावेत आणि ट्रेक हाच पायांचा दिवस धरावा. मंगळवारी स्क्वॉटऐवजी कंबरेतून वाकण्याचा व्यायाम पहिला ठेवण्याचा एक फायदा येथे मिळतो: रविवारी दमलेले मांडीचे पुढचे स्नायू मंगळवारी पहिल्याच सेटला कामी लागत नाहीत. लेग प्रेसचे वजन त्या दिवशी कमी ठेवावे.

तपासणी: कागदावर प्रत्येक वाराखाली ट्रायसेप्स, बायसेप्स, कंबर आणि पकड एवढ्या चारच गोष्टींसाठी खूण करावी. एकाच गोष्टीची खूण सलग तीन दिवस आली, तर व्यायामांची नव्हे, वारांची अदलाबदल करावी.

टप्पा ५: एका दिवसातला क्रम

जो व्यायाम सुरुवातीला केला जातो, त्यात ताकद सर्वांत जास्त वाढते. स्नायूंच्या आकारावर क्रमाचा परिणाम तितकासा होत नाही. यावरून क्रमाचा निर्णय सोपा होतो: ज्या व्यायामाचे वजन वाढावे अशी इच्छा आहे, तो आधी घ्यावा. तसे काही ठरवलेले नसेल, तर पुढील क्रम पाळावा.

१. पाच ते आठ मिनिटे शरीर गरम करणे, आणि मग पहिल्याच व्यायामाचे हलके सेट. ६० किलोचा बेंच प्रेस करायचा असेल, तर २० किलोच्या रिकाम्या बारने दहा रेप्स, ४० किलोने पाच, ५० किलोने तीन आणि मग ६०. ट्रेडमिलवर अर्धा तास धावून मग स्क्वॉटला येणे हा वॉर्म-अप नव्हे, तो पायांचा आधी केलेला व्यायाम आहे.

२. अनेक सांध्यांचा, मोकळ्या बारचा, तोल सांभाळावा लागणारा व्यायाम. तो ताजेपणी करणे हा ताकदीचा जितका, तितकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

३. त्याच्या विरुद्ध हालचालीचा मोठा व्यायाम. बेंच प्रेसनंतर रो घेतला, की पहिला स्नायूगट विश्रांती घेत असताना दुसरा काम करतो.

४. मशीनवरचे आणि डंबेलचे दुय्यम व्यायाम.

५. एका सांध्याचे छोटे व्यायाम: कर्ल, पुशडाउन, लॅटरल रेज, पोटऱ्या.

६. पोटाचे व्यायाम सर्वांत शेवटी.

सावधान: स्क्वॉट किंवा डेडलिफ्टच्या आधी प्लँक, क्रंच किंवा कंबरेचे व्यायाम करून पोट-कंबर थकवू नये. जड वजन पेलताना कण्याला आधार देणारे हेच स्नायू असतात. त्याचप्रमाणे पुलअपआधी बायसेप्स कर्ल केल्यास पाठ दमण्याआधी दंड हार मानतात, आणि मग ‘पाठीला काही लागतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

या क्रमाला एक रास्त अपवाद आहे. एखादा छोटा स्नायू जाणवण्याइतका मागे राहिला असेल, उदाहरणार्थ पोटऱ्या किंवा खांद्याची बाजू, तर सहा ते आठ आठवडे तो सुरुवातीला घेता येतो. अशा काळात नंतरच्या मोठ्या व्यायामाचे वजन कमी होणारच, आणि त्याची तुलना जुन्या नोंदींशी करू नये. याच कारणाने ठरलेला क्रम दर आठवड्याला बदलू नये. पहिला केलेला ओव्हरहेड प्रेस आणि चौथा केलेला ओव्हरहेड प्रेस हे नोंदवहीच्या दृष्टीने दोन वेगळे व्यायाम आहेत.

टप्पा ६: वेळ आणि गर्दी

मोठ्या व्यायामांत दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे आणि छोट्या व्यायामांत एक ते दीड मिनिट विश्रांती घ्यावी. सोमवारच्या नमुन्यात १८ सेट आहेत. एका सेटला साधारण ४० सेकंद आणि त्यानंतर सरासरी दोन मिनिटे धरली, तर ४८ मिनिटे होतात. वॉर्म-अपसह तासाभरात काम उरकते. तुमच्याकडे ४५ मिनिटेच असतील, तर विश्रांती कापण्यापेक्षा विरुद्ध हालचालींच्या जोड्या लावाव्यात: बेंच प्रेसचा एक सेट, मिनिटभर थांबून रोचा एक सेट, पुन्हा मिनिटभर थांबून बेंच प्रेस.

संध्याकाळी सात वाजता, विशेषतः सोमवारी, बेंच रिकामा मिळत नाही. तेथे उभे राहून वीस मिनिटे मोबाइल पाहणे किंवा मधेच कर्ल सुरू करणे, या दोन्हींनी दिवसाचा क्रम मोडतो. वहीत प्रत्येक मोठ्या व्यायामासमोर त्याच हालचालीचा एक पर्याय आधीच लिहून ठेवावा: बेंच प्रेसला डंबेल प्रेस, स्क्वॉटला लेग प्रेस, पुलअपला पुलडाउन. पर्याय हालचालीचा असतो, स्नायूचा नव्हे. बेंचऐवजी फ्लाय घेतल्याने ट्रायसेप्सचा हिशेब चुकतो. सोमवार आणि गुरुवारचे वरचे शरीर आपसांत बदलून सोमवारी ओव्हरहेड प्रेसने सुरुवात करणे, हा गर्दीवरचा त्याहून सोपा उपाय आहे.

टप्पा ७: चार आठवडे न बदलता चालवा

पहिले चार आठवडे व्यायाम, क्रम आणि वार जसेच्या तसे ठेवावेत. ठरवलेल्या रेप्स सर्व सेटमध्ये व्यवस्थित निघाल्या, की वरच्या शरीराच्या मोठ्या व्यायामात अडीच किलो आणि खालच्या शरीराच्या व्यायामात पाच किलो वाढवावे.

चार आठवड्यांनी नोंदी पाहताना एखाद्या व्यायामाचे वजन सलग दोन-तीन आठवडे अडकलेले किंवा घटलेले दिसले, तर त्याच्या आदल्या दिवशी काय केले ते आधी पाहावे. बहुतेक वेळा कारण तेथे सापडते. तेथे नसेल, तर झोप आणि जेवण पाहावे, आणि सेट वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. एका वेळी एकच बदल करावा, कारण दोन एकदम केले तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळणार नाही.

एखादा दिवस बुडाला, तर पुढचा दिवस वाराप्रमाणे न करता क्रमाप्रमाणे करावा. मंगळवार बुडाला असेल, तर बुधवारी मंगळवारचेच पाय करावेत, आणि गुरुवारी वरचे शरीर घेऊन शुक्रवारचे पाय शनिवारी ढकलावेत. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवसात कोंबून दोन तासांचा व्यायाम करू नये. नेहमी एकच वार बुडत असेल, तर तो वार वेळापत्रकातून काढून तीन दिवसांच्या संपूर्ण शरीराच्या मांडणीकडे वळावे.

दर सहा ते आठ आठवड्यांनी एक हलका आठवडा ठेवावा, ज्यात वार आणि व्यायाम तेच राहतील, पण सेट निम्मे होतील. हा आठवडा थकल्यावर घ्यायचा नसून आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवायचा असतो. नवरात्राचे उपवास असोत, गणपतीला गावी जाणे असो किंवा कार्यालयातला वर्षअखेरीचा ताण असो, हलका आठवडा अशाच दिवसांवर टाकला तर तो बुडाल्यासारखा वाटत नाही. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल, तर परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या सेटचा ठेवावा आणि वजन पूर्वीच्या सुमारे ऐंशी टक्के धरावे. विशेषतः स्क्वॉट आणि लंजेसच्या बाबतीत, कारण पहिल्याच दिवशी जुने वजन घेतलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो.